कापड तिचं, हुकूम कुणाचा?

(सावित्रीबाई फुले स्मृतिदिनानिमित्त पाथर्डी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सावित्रीबाई पुण्याच्या, असं आपण सहज म्हणून जातो. पण त्या शिक्षिका झाल्या त्यात आपल्या नगरचा मोठा वाटा आहे. मिस सिंथिया फॅरार नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीरावांनी त्या शाळा पाहिल्या, आणि अध्यापनाचे धडे सावित्रीबाईंनी फॅरारबाईंच्या हाताखाली गिरवले. पुढे पुण्यात शाळेच्या वाटेवर अंगावर शेण-चिखल यायचा, म्हणून त्या एक जादा लुगडं बरोबर नेत असत, ही हकिकत आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्यांच्या स्मृतिदिनी मला बोलायचं आहे ते बाईच्या अंगावरच्या कापडाबद्दल आणि तिच्या पायांना घातलेल्या रेघेबद्दल. तिने काय नेसावं आणि कुठवर यावं, हे धर्माच्या नावाने दुसरंच कुणी ठरवू लागलं, तेव्हा बायकांनी काय केलं, हा आजचा विषय.

उदाहरण शोधायला लांब जायला नको. तिसगाव, मिरी करत निघालं की शिंगणापूर येतं. उघड्या आभाळाखाली शनीची काळी शिळा, भोवती चौथरा. तुमच्यापैकी अनेक पुरुष त्या चौथऱ्यावर चढले असतील. अंघोळ करायची, भगवा पंचा नेसायचा आणि ओलेत्यानेच वर जाऊन तेल वाहायचं, अशी रीत होती. बरोबर आलेली बायको, आई, मुलगी खाली उभी. हात जोडायचे ते खालूनच.

या रेघेला पहिला जाहीर धक्का दिला तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी. २००० मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शिंगणापूरच्या सत्याग्रहाची हाक दिली. डॉ. श्रीराम लागू, एन. डी. पाटील, पुष्पाबाई भावे अशी माणसं त्यात होती. त्यांना चौथऱ्यापर्यंत पोहोचू दिलं गेलं नाही. तेव्हा दोन्ही बाजूंनी एक प्रश्न विचारला गेला, आणि तो आजही विचारतात. शनीची साडेसाती ही अंधश्रद्धा म्हणता, मग बायकांना तिथेच चढवायचा आग्रह कशाला? याचं उत्तर मला तरी सरळ दिसतं. मी देव मानतो की नाही, हा माझा प्रश्न. जी मानते तिला पुरुषाच्या बरोबरीने उभं राहता येतं की नाही, हा राज्यघटनेचा प्रश्न. चौथऱ्यावर चढण्यात पुण्य नसेलही, पण चढू न देण्यात अन्याय नक्की आहे.

त्यानंतर पंधरा वर्षं गेली. नोव्हेंबर २०१५ च्या अखेरीस एक तरुणी गर्दीतून चौथऱ्यावर चढली आणि दर्शन घेऊन उतरली. काही क्षणांचं काम. पण देवस्थानने सुरक्षा कर्मचाऱ्यांना निलंबित केलं आणि चौथऱ्याचं शुद्धीकरण झालं. त्या शुद्धीकरणाच्या बातमीने महाराष्ट्र जेवढा हलला, तेवढा त्या मुलीच्या चढण्यानेही हलला नव्हता. लेकीच्या पायाने जागा विटाळते, हे छापून आलेलं वाचणं अनेक घरांना जड गेलं. तृप्ती देसाईंची भूमाता रणरागिणी ब्रिगेड पुढे आली. २६ जानेवारी २०१६ ला, ऐन प्रजासत्ताक दिनी, पुण्याहून निघालेल्या बायकांना पोलिसांनी सुप्यात अडवलं. त्याच महिन्यात, देवस्थानच्या इतिहासात प्रथमच, विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी अनिता शेटे ही महिला बसली. अध्यक्ष बाई, आणि त्या बाईलाही चौथरा बंद. नव्या अध्यक्षांनी परंपरेचीच बाजू घेतली, हेही सांगायला हवं.

दुसरीकडे विद्या बाळ आणि अॅड. नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. विद्याताई तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांनी नवा कायदा मागितला नाही. मुंबई राज्याने १९५६ मध्ये केलेला हिंदू सार्वजनिक पूजास्थान प्रवेशाचा कायदा त्यांनी पुढे ठेवला. तो कशातून आला ते आठवा. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिरासमोर बाबासाहेबांनी सुरू केलेला सत्याग्रह, १९४७ मध्ये पंढरपूरला साने गुरुजींनी केलेलं उपोषण. दलितांना देवळाची दारं उघडण्यासाठी झालेल्या या झगड्यांच्या वाटेवर तो कायदा उभा आहे. सार्वजनिक देवळात जाणाऱ्याला अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, अशी तरतूद त्यात आहे. दलितांच्या लढ्याचं हे फळ साठ वर्षांनी बायकांच्या कामी आलं. ज्यांना हे दोन लढे वेगवेगळे वाटतात, त्यांनी हा कायदा एकदा वाचावा.

१ एप्रिल २०१६ ला मुख्य न्यायमूर्ती डी. एच. वाघेला आणि न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांच्या खंडपीठाने ही याचिका निकाली काढली. पुरुषाला जिथे प्रवेश आहे तिथे बाईला अडवणारा कायदा नाही, उलट अडवणाऱ्यावर कारवाई करणारा आहे, तो सरकारने राबवावा. दुसऱ्याच दिवशी कार्यकर्त्या शिंगणापूरला पोहोचल्या. हातात न्यायालयाचा आदेश होता, तरी त्यांना वर जाऊ दिलं नाही. अडवणाऱ्या गर्दीत गावातल्या बायकाही होत्या.

त्या बायकांबद्दल मला आदराने बोलायचं आहे. पढवून आणलेल्या बायका, असं म्हणून त्यांना मोडीत काढणं सोपं आहे. त्यांचं म्हणणं होतं की ही आमची रीत आहे, आम्हाला वर जायचं नाही. बरोबर आहे. जिला जायचं नाही तिला कुणीही हाताला धरून वर नेणार नव्हतं. हक्क मिळाला तरी खाली उभं राहून हात जोडण्याची तिची मुभा जशीच्या तशी राहणार होती. पण शेजारणीचे पाय धरण्याचा अधिकार त्या मुभेतून निघत नाही.

पुढे जे घडलं ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वात बोलकं. देवस्थानने तोडगा काढला की बायकांना नाही, तर पुरुषांनाही नाही. चौथरा सगळ्यांनाच बंद. कागदावर समता झाली. ती टिकली किती? गुढीपाडव्यापर्यंत. ८ एप्रिलला पाडव्याच्या दिवशी गोदावरीचं पाणी घेऊन आलेले पुरुष बंदी झुगारून चौथऱ्यावर चढले. वर्षानुवर्षं बायका ज्या जागी उभ्या होत्या, तिथे पुरुषांना काही दिवसही उभं राहवलं नाही. त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केला आणि संध्याकाळी बायका वर गेल्या. बायकांच्या हक्काचा विजय म्हणून हा दिवस आपण सांगतो, आणि तो विजय आहेच. पण दार उघडलं ते पुरुषांना ते बंद सोसवेना म्हणून, हे विसरू नये. कारण ज्यांचं मन वळलं नव्हतं, त्यांनी पुढची रेघ आखायला वेळ लावला नाही. ती रेघ कापडावर आली.

त्याच एप्रिलमध्ये त्र्यंबकेश्वरला बायकांना गाभारा उघडला. वेळ सकाळी सहा ते सात, आणि अट अशी की ओलं सुती किंवा रेशमी वस्त्र नेसून यायचं. पुरुषांनाही सोवळ्याचा नियम आहे, असं सांगितलं गेलं. पण रांगेत, परक्या माणसांच्या नजरांत, अंगाला चिकटलेलं ओलं कापड घेऊन उभं राहणं बाईला काय पडतं, हे ज्याने नियम लिहिला त्याला कळत नव्हतं असं मी मानणार नाही. दार उघडायचं पण आत येण्याची हिंमत होऊ नये, अशी ती अट होती. तरीही बायका गेल्या.

कोल्हापूरला १३ एप्रिलला तृप्ती देसाई अंबाबाईच्या गाभाऱ्यात गेल्या. अंगात पंजाबी ड्रेस. साडी नेसूनच यावं, असा आग्रह होता. आत त्यांना धक्काबुक्की झाली, मारहाण झाली, रुग्णालयात न्यावं लागलं. देसाईंची आंदोलनाची पद्धत अनेकांना पटत नाही. कॅमेरे पुढे आणि बायका मागे, अशी टीका झाली, तिच्यात तथ्य असेलही. पण गाभाऱ्यात एका बाईवर हात पडतो आणि चर्चा मात्र तिच्या सलवारीची होते, हे मला आजही बोचतं. पुढच्याच वर्षी त्याच देवळात देवीला घागरा-चोळी नेसवली, तेव्हा आमच्या आईला साडीच हवी म्हणून कोल्हापूर पेटलं. त्यातून पुजारी हटावचं आंदोलन झालं, सरकारला कायदा करावा लागला. आंदोलनाची कारणं आणखीही होती, जुनीही होती. ठिणगी मात्र वस्त्राची.

मग शिर्डी. डिसेंबर २०२० मध्ये संस्थानने सभ्य, भारतीय संस्कृतीला साजेसा पोशाख घालून येण्याचे फलक लावले. ते काढायला निघालेल्या देसाईंना पुन्हा सुप्यातच अडवलं. मे २०२३ मध्ये तुळजापूरला ‘अंगप्रदर्शक, उत्तेजक’ कपडे घालणाऱ्यांना प्रवेश नाही, असे फलक लागले आणि बोभाटा होताच उतरले. त्याच महिन्यात नागपूरच्या चार देवळांपासून वस्त्रसंहितेची मोहीम निघाली. नगर जिल्ह्यातली काही देवळंही त्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईचं सिद्धिविनायकही त्याच वाटेने गेलं.

आता आपल्या तालुक्याकडे या. आज मांडवात खुर्च्या रिकाम्या दिसतात, कारण निम्मी गावं अजून उसाच्या फडातून परतायची आहेत. कोयत्यावर गेलेली बाई कशी दिसते, हे पाथर्डीकरांना सांगायला नको. साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट फडकं. उसाचं पातं हाताला कापतं, पाचट अंगाला खाजतं, म्हणून हा पोशाख. डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढते. पदर कुठे आहे, हे तिथे ना मुकादम बघतो ना सासरा. पुरुषाचा शर्ट बाईने घातला म्हणून संस्कृती बुडाल्याचा ठराव आजवर कुणी केलेला नाही. तीच बाई गावी येते, मोहट्याला, मढीला, शिंगणापूरला जाते, आणि तिथे तिच्या अंगावर काय आहे याची पाहणी सुरू होते. जिथे तिच्या हातांची गरज आहे तिथे नियम पातळ होतो. जिथे ती स्वतःसाठी काही मागायला येते तिथे घट्ट होतो. पाळीचंही तसंच. देवळात विटाळ, फडात खाडा. दोन्हीकडे भरपाई तिच्याच अंगावर.

हे सगळं आजकालचं नाही. महाराष्ट्रात बाईच्या वेशाची सर्वात क्रूर सक्ती झाली ती विधवेवर. डोक्यावरचे केस उतरवायचे, अंगावर लाल आलवण, चोळी नाही. ब्राह्मण आणि त्यांच्या वळणाने जाणाऱ्या घरांत हा जणू कायदाच होता, आणि शास्त्राचा आधार देऊन तो राबवला जाई. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. सत्यशोधक चळवळीतला हा प्रसंग मला फार मोठा वाटतो. शास्त्र कुणी का सांगेना, राबवायला शेवटी वस्तरा धरणारा हात लागतो. त्या हातानेच नाही म्हटलं.

आणि पार्वतीबाई आठवले. तरुणपणी विधवा झालेल्या, महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरलेल्या, पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आलेल्या. त्यांची बहीण बाया कर्वे हिने पुनर्विवाह केला, पण पार्वतीबाई स्वतः वीसहून अधिक वर्षं विधवेच्याच वेशात राहिल्या. चाळिशीनंतर, १९१२ च्या सुमारास, त्यांनी केस वाढवायचं ठरवलं. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी हा विषय टाळलेला नाही. एका बाईचा हा निर्णय मला मोर्च्याएवढाच मोलाचा वाटतो. तिने तो कुणाच्या धाकाने घेतला नाही, आणि आधी का घेतला नाहीस असं विचारण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

इथे इराणची गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे कापड काढण्याची आणि घेण्याची, अशा दोन्ही सक्ती एकाच शतकात झाल्या. १९३६ च्या जानेवारीत रझा शाहने फर्मान काढलं की बायकांनी चादर, बुरखा टाकलाच पाहिजे. रस्त्यात पोलीस चादरी ओढू लागले. आधुनिकता आली असं राजाला वाटलं. कितीतरी बायकांनी घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं, मुलींच्या शाळा सुटल्या. १९७९ मध्ये राजवट उलटली. नोकरीवर येणाऱ्या बायकांनी हिजाब घ्यावा, असं खोमेनींनी सांगताच ८ मार्चला, महिला दिनी, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या. मोर्चे काही दिवस चालले. शाहविरुद्ध ज्या लढल्या होत्या त्याच या बायका. त्यांच्यातल्या अनेक जणी आधी शाहचा निषेध म्हणून स्वतःहून चादर घेऊन मोर्च्यात आल्या होत्या. तेव्हा सरकारने माघार घेतल्यासारखं केलं, आणि मग आधी कचेऱ्यांत आणि १९८३ पर्यंत कायद्यानेच सक्ती आणली. केस उघडे दिसले तर ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा.

१६ सप्टेंबर २०२२ ला महसा अमिनी ही २२ वर्षांची कुर्द मुलगी नैतिकता पोलिसांच्या ताब्यात असताना मेली. हिजाब नीट नव्हता, एवढाच तिचा गुन्हा. तिच्या गावी, सक्केझला, दफनाच्या वेळी बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढले. तिथून ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ ही घोषणा देशभर गेली. मानवाधिकार संघटनांच्या मोजणीनुसार ५०० हून अधिक माणसं मारली गेली. नर्गिस मोहम्मदी यांना २०२३ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं तेव्हा त्या तुरुंगात होत्या. आणि शेजारच्या अफगाणिस्तानात २०२४ च्या कायद्याने बाईचा चेहराच काय, परक्यांच्या कानी जाणारा तिचा आवाजही गुन्ह्यात जमा झाला.

इराणच्या बायकांचं आपल्याकडे खूप कौतुक झालं. होणं योग्यच होतं. पण त्यात मला एक खोट दिसली. तेहरानच्या मुलींसाठी ज्यांचा ऊर भरून आला, त्यांतले अनेक जण त्र्यंबकच्या ओल्या कापडाबद्दल गप्प होते. आणि शिंगणापूरला ज्यांनी बायकांची बाजू घेतली, त्यांतल्याही काहींची जीभ इराणबद्दल बोलताना अडखळली, मुसलमानांवर टीका झाल्यासारखं होईल म्हणून. मला ही दोन्ही मौनं मान्य नाहीत. तपासायचं एवढंच, की जिच्या अंगावर कापड आहे तिला नाही म्हणता येतं का. येत नसेल तर हुकूम शाहचा असो की मौलवीचा, विश्वस्तांचा असो की प्राचार्यांचा, तो सारखाच.

प्राचार्य म्हणालो, कारण २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी यांना बंदी घातली. नऊ मुली न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीपुरती तिला स्थगिती दिली, आणि टिकली, टिळा लावणाऱ्यांनाही अडवणार का असं विचारलं. वर्गात चेहरा दिसावा, या मागणीला मी विरोध करणार नाही. पण डोक्यावर रुमाल आहे म्हणून मुलीला फाटकाबाहेर ठेवायचं आणि त्याला तिची मुक्ती म्हणायचं, हे १९३६ चं तेहरान झालं. शाळा सुटलेल्या मुलीला कुणी मुक्त केलं?

मुसलमान बायकांनी स्वतः लढावं, असं आपल्याकडे बोललं जातं. त्या साठ वर्षांपूर्वीपासून लढत आहेत. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला, तोंडी तलाकच्या विरोधात. सात जणी, बस्स. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं, आणि त्याने नाव घेतलं ते जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचं. त्या सात जणी निघाल्या, पण एका दमात दिलेला तलाक रद्दबातल ठरायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. हाजी अलीच्या दर्ग्यात मजारीपाशी जायचा हक्क भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायकांनी २०१६ मध्ये मिळवला, शिंगणापूरनंतर काही महिन्यांतच.

शेवटी एक काम सुचवतो. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. करोनात तरुण बायका विधवा झाल्या होत्या, गाव हादरलेलं होतं. पंधरवड्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. पाथर्डी तालुक्यात फडावर, रस्त्यावर, दवाखान्याच्या वाटेवर जाणारे तरुण पुरुष कमी नाहीत. त्यांच्यामागे राहिलेल्या बायका इथे बसल्या आहेत. दहाव्याला त्यांच्या हातातल्या बांगड्या कुणी फोडल्या, हे त्यांना आठवतं. फोडणाऱ्याही बहुतेक बायकाच होत्या, आणि त्यांच्याही कधीतरी फुटल्या होत्या.

१ मेची ग्रामसभा आता फार लांब नाही. तिच्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, हा नियम आहे. अनेक गावांत ती घरोघर वही फिरवून, सह्या घेऊन उरकतात. या वर्षी ती खरोखर भरवा, आणि हा ठराव पहिला तिथे मांडा. लिहिताना एक काळजी घ्या. विधवांनी कुंकू लावावं, असं लिहू नका. विधवेच्या अंगावरचं काहीही तिच्या मर्जीविना कुणी काढणार नाही आणि लादणारही नाही, असं लिहा. सूचक म्हणून सरपंचांच्या नातलगाचं नाव घालू नका. जिच्यावर हे गुदरलं आहे आणि जिची तयारी आहे, अशा बाईचं नाव घाला. ती नको म्हणाली तर ठराव तिच्या नावाविना मांडा, पण आधी तिला विचारा.